संगणकाला हात आठ, काम मात्र एकाच्याच गळ्यात



संगणक कक्षासाठी नवीन यंत्रे घ्यायची म्हणून शाळेने मागविलेली दरपत्रके सध्या विश्वस्त मंडळापुढे आहेत. त्या प्रत्येकात एक शब्द ठळक छापलेला आहे, तो म्हणजे 'कोअर'. कोणी चार कोअर देतो, कोणी सहा, कोणी आठ, आणि त्या आकड्याबरोबर किंमतही चढत जाते. मंडळातील एका ज्येष्ठ सदस्यांनी सरळ विचारले, की आठ कोअरचे यंत्र घेतले तर निकालपत्रके आठपट लवकर निघतील का? पालकसभेतही हाच प्रश्न मोबाईलच्या निमित्ताने निघाला होता. प्रश्न रास्त आहे. देणगीदारांचा पैसा आहे, तो आकड्याला भुलून खर्च होऊ नये. उत्तर 'नाही' असे आहे. परंतु ते 'नाही' का, आणि काय केले असता ते थोडेफार 'हो' होऊ शकते, हे कळल्याशिवाय खरेदीचाही निर्णय नीट होणार नाही आणि आमची मुले प्रोग्रामिंगही नीट शिकणार नाहीत. म्हणून हा लेख.

शब्दांविषयी आधीच थोडे सांगतो. आमचे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तिथे 'समानांतर' म्हणत, मराठीत 'समांतर'. ऑपरेटिंग सिस्टीमला हिंदी पुस्तकांत 'प्रचालन तंत्र' म्हणतात, मराठी पुस्तकांत 'कार्यप्रणाली'. मुले मात्र दोन्ही सोडून ऑपरेटिंग सिस्टीमच म्हणतात. आम्हीही इथे तेच म्हणू, म्हणजे घरी मुलांशी बोलताना पालकांची अडचण होणार नाही.

आमच्या पिढीने संगणक पाहिला तो मेगाहर्ट्झच्या काळात. दर दीड-दोन वर्षांनी नवीन प्रोसेसर यायचा, त्याचे घड्याळ आधीच्यापेक्षा जलद चालायचे, आणि जुनाच प्रोग्राम काही न बदलता वेगाने धावायचा. प्रोग्राम लिहिणाऱ्याला हे फुकटात मिळत होते. सन २००४ मध्ये इंटेलचा पेंटियम ४ हा ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोहोचला. ४ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर जाहीर झाला होता, तो त्याच वर्षी रद्द करावा लागला. कारण होते उष्णता. घड्याळ जलद करावे तशी वीज जास्त लागते. पूर्वी ट्रान्झिस्टर लहान होत गेले की त्यांना लागणारा विद्युतदाबही कमी करता येत असे, त्यामुळे हिशेब जुळत होता. पुढे ते इतके लहान झाले की बंद असतानाही त्यांतून वीज झिरपू लागली, आणि दाब आणखी उतरविणे कठीण झाले. वेग वाढवावा तर प्रोसेसर तापणार, अशी कोंडी झाली.

ट्रान्झिस्टरची संख्या मात्र वाढतच होती. मग त्या जास्तीच्या ट्रान्झिस्टरांचे करायचे काय? एक धावपटू आणखी पळविता येत नसेल तर दोन धावपटू ठेवावेत, हा मार्ग निघाला. आयबीएमने २००१ मध्ये पॉवर ४ या प्रोसेसरात एकाच चिपवर दोन कोअर बसविले होते, पण ते मोठ्या सर्व्हरांसाठी. इंटेल आणि एएमडी यांचे दोन कोअरचे प्रोसेसर घरगुती संगणकात आले ते २००५ मध्ये. त्याच वर्षी हर्ब सटर या संगणकतज्ज्ञाने एक लेख लिहून प्रोग्रामरांना बजावले होते, की आता फुकटचे जेवण संपले. म्हणजे यापुढे वेग हवा असेल तर प्रोग्राम लिहिणाऱ्यानेच काम वाटून द्यावे लागेल. त्या लेखाला वीस वर्षे होऊन गेली, आणि आजही बाजारात लोक कोअरची संख्या मोजूनच संगणक घेतात.

आता कोअर वाढले तरी काम का अडते, ते पाहू.

शाळेत वेळापत्रक सांभाळणारे एक शिक्षक असतात. कोणता तास कोणाचा, कोण रजेवर आहे, रिकामा शिक्षक कोण, कोणत्या वर्गावर त्याला पाठवायचे, हे ते पाहतात. संगणकात हेच काम ऑपरेटिंग सिस्टीममधला 'शेड्युलर' करतो. कोअर म्हणजे शिक्षक, आणि ज्या कामाला शिक्षक लागतो तो वर्ग म्हणजे 'थ्रेड'. थ्रेड म्हणजे प्रोग्राममधला एक सलग कामाचा धागा. एका प्रोग्रामात एक धागा असू शकतो किंवा अनेक. शेड्युलर प्रत्येक धाग्याला थोडा थोडा वेळ कोअर देतो, काढून घेतो, दुसऱ्याला देतो. हे सेकंदात शेकडो वेळा चालते, म्हणून एका कोअरच्या जुन्या संगणकावरही गाणे आणि टंकलेखन बरोबरच चालल्यासारखे वाटत असे.

पण वेळापत्रकवाले शिक्षक कितीही हुशार असले तरी एका वर्गावर एका तासाला दोन शिक्षक पाठवून तो धडा निम्म्या वेळात संपविता येत नाही. एक धागा एका क्षणी एकाच कोअरवर चालतो. तुमच्या प्रोग्रामात धागा एकच असेल तर आठापैकी सात कोअर त्याच्यासाठी निरुपयोगी आहेत. ऑपरेटिंग सिस्टीम ते सात कोअर दुसऱ्या प्रोग्रामांना देईल, विषाणूरोधक प्रोग्राम एकावर चालवील, छपाई दुसऱ्यावर. मात्र तुमचे काम ती स्वतः होऊन कापून वाटून देणार नाही. कारण काम कुठे कापले तर चालेल हे तिला कळत नाही. ते फक्त प्रोग्राम लिहिणाऱ्याला माहीत असते.

हे घरी पडताळून पाहता येते. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये सीपीयूच्या आलेखावर उजवी कळ दाबावी आणि लॉजिकल प्रोसेसर वेगवेगळे दाखविण्याचा पर्याय निवडावा. लिनक्सवर टॉप हा आदेश देऊन १ दाबले की तेच दिसते. ज्या यंत्रावर आठ लॉजिकल प्रोसेसर दिसतात तिथे एका धाग्याचे भारी काम सुरू करा. सगळा संगणक मिळून फक्त १२-१३ टक्के व्यस्त दिसेल, आणि तरी काम हळूच चाललेले असेल. शंभराला आठाने भागले की साडेबारा येतात, ते हेच. लोक तक्रार करतात, 'संगणक रिकामा आहे, तरी मंद का?' कारण एकच हात राबतो आहे.

ऑपरेटिंग सिस्टीम स्वतःही हे सहज शिकल्या असे नाही. विंडोज ९५ आणि ९८ यांना दुसरा प्रोसेसर वापरताच येत नव्हता. १९९३ च्या विंडोज एनटीला मात्र येत होता. लिनक्सची गोष्ट आम्हाला विशेष आवडते. १९९६ मध्ये लिनक्सची २.० आवृत्ती आली आणि तिला एकाहून अधिक प्रोसेसर चालविता येऊ लागले. पण सुरक्षिततेसाठी गाभ्याला एकच मोठे कुलूप लावले होते. साऱ्या शाळेला एकच किल्ली असावी तसे. ज्याच्या हाती किल्ली तोच आत, बाकीचे व्हरांड्यात. पुढे एकेका खोलीला वेगळे कुलूप करत करत ते मोठे कुलूप काढून टाकण्यात आले, ते २०११ साली. म्हणजे जगातल्या उत्तम प्रोग्रामरांना एक किल्ली मोडायला १५ वर्षे लागली. काम वाटणे किती अवघड असते, याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही.

आजचा शेड्युलर आणखी दोन गोष्टींचा विचार करतो. प्रत्येक कोअरजवळ त्याची लहानशी जलद स्मृती असते, तिला कॅश म्हणतात. धागा एका कोअरवरून दुसऱ्यावर हलविला की टेबलावर मांडलेली कागदपत्रे उचलून दुसऱ्या टेबलावर पुन्हा मांडावी लागतात. म्हणून शेड्युलर शक्यतो धाग्याला त्याच्या जुन्याच जागी बसवितो. दुसरी गोष्ट अलीकडची. सर्व कोअर आता सारखे नसतात. मोबाईलमध्ये मोठे आणि लहान कोअर एकत्र ठेवण्याची पद्धत आधीच रुळली होती. २०२१ मध्ये इंटेलने आपल्या बाराव्या पिढीच्या प्रोसेसरांत तीच पद्धत आणली, आणि कोणते काम कोणत्या कोअरला द्यायचे यासाठी विंडोज ११ मध्ये खास सोय झाली. विश्वस्तांनी हे ध्यानात ठेवावे, की दहा कोअर असे छापलेल्या काही प्रोसेसरांत मोठे कोअर दोनच असतात आणि आठ लहान. शिवाय दुकानदार कधी कधी लॉजिकल प्रोसेसरची संख्या कोअर म्हणून सांगतात. एका कोअरवर दोन धागे आळीपाळीने दाटीवाटीने बसविले की लॉजिकल प्रोसेसर दुप्पट दिसतात, हात दुप्पट होत नाहीत.

आता निकालपत्रकांचा हिशेब. समजा संपूर्ण कामाला १०० मिनिटे लागतात. त्यातली ९० मिनिटे अशा कामाची, की जे विद्यार्थ्यांप्रमाणे वाटून देता येते. प्रत्येकाच्या गुणांची बेरीज, टक्केवारी, श्रेणी. उरलेली १० मिनिटे वाटता येत नाहीत, कारण सर्वांच्या बेरजा झाल्याशिवाय पहिला-दुसरा क्रमांक ठरविता येत नाही. दोन कोअर लावले तर ४५ आणि १० मिळून ५५ मिनिटे. चार लावले तर साडेबत्तीस. आठ लावले तर सव्वाएकवीस, म्हणजे पाचपटही वेग नाही. आणि हजार कोअर लावले तरी १० मिनिटांच्या खाली तुम्ही जाऊच शकत नाही. जीन अॅम्डाल या संगणक अभियंत्याने १९६७ मध्ये हा मुद्दा मांडला, म्हणून त्याला अॅम्डालचा नियम म्हणतात. सातवीच्या मुलाला समजेल असे हे गणित आहे, आणि तरी मोठमोठ्या खरेद्या ते न करता होतात.

बरे, वाटता येणारे काम वाटले म्हणजे सुटलो, असेही नाही. खरी मेख पुढे आहे.

गणेशोत्सवाची वर्गणी फळ्यावर लिहिली आहे, एकूण ५००. दोन स्वयंसेवक एकाच वेळी आले. एकाजवळ ५० रुपये आहेत, दुसऱ्याजवळ १००. दोघांनीही फळ्यावर ५०० वाचले. पहिल्याने मनात बेरीज करून ५५० लिहिले. दुसऱ्याने आपली बेरीज करून ते पुसून ६०० लिहिले. पेटीत रुपये ६५० आहेत, फळ्यावर ६००. कोणी चोरी केली नाही, कोणाचे गणित चुकले नाही, तरी ५० रुपये नाहीसे झाले. संगणकात 'एकूणमध्ये एक मिळव' ही एक ओळ दिसते, पण कोअरसाठी त्या तीन पायऱ्या असतात, वाचणे, मिळविणे आणि लिहिणे. दोन धागे या पायऱ्यांत एकमेकांत घुसले की अशीच रक्कम गळते. याला 'रेस' म्हणतात, कारण कोण आधी पोहोचेल यावर उत्तर ठरते. जावासारख्या भाषेत दोन धाग्यांकडून एकच संख्या दहा-दहा लाख वेळा एकाने वाढवून पाहा. वीस लाख यायला हवेत, बहुधा कमी येतील, आणि पुन्हा चालविले तर वेगळाच आकडा येईल.

यावर उपाय म्हणजे कुलूप. फळ्याजवळ खडू एकच ठेवायचा. ज्याच्या हाती खडू तोच वाचणार आणि लिहिणार, दुसऱ्याने थांबायचे. डच शास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९६० च्या दशकात या विषयाचा पाया घातला, आणि आज प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीम अशी कुलुपे पुरविते. पण कुलुपाचेही दुखणे आहे. दाखल्यावर सही करायला रजिस्टर आणि शिक्का दोन्ही लागतात. एका कारकुनाने रजिस्टर घेतले आणि तो शिक्क्याची वाट पाहतो आहे. दुसऱ्याने शिक्का घेतला, तो रजिस्टरची वाट पाहतो आहे. दोघेही सभ्य, दोघेही नियमाने वागणारे, आणि खिडकीपुढे रांग मात्र संध्याकाळपर्यंत तशीच. याला 'डेडलॉक' म्हणतात. उपाय साधा आहे. आधी रजिस्टर, मग शिक्का, हा क्रम सर्वांना सारखा ठरवून द्यावा. साधा उपाय, पण हजारो ओळींच्या प्रोग्रामात तो पाळणे साधे नाही.

आणखी एक चमत्कारिक प्रकार आहे, तो मोठ्या मुलांसाठी सांगतो. दोन शिक्षक गुण भरत आहेत, एक गणिताचे, एक विज्ञानाचे. रकाने वेगळे आहेत, कोणी कोणाच्या रकान्यात लिहीत नाही, म्हणून कुलुपाची गरज नाही. पण दोन्ही रकाने एकाच कागदावर आहेत, आणि शिक्षक वेगवेगळ्या खोल्यांत. एक गुण भरला की कागद पळवत दुसऱ्या खोलीत न्यायचा, तिथे एक भरला की परत. उत्तर बरोबर येते, फक्त शिपायाची दमछाक होते. कोअरच्या कॅशमध्ये माहिती सुटी ठेवली जात नाही, एका तुकड्यात ठेवली जाते. आपल्या नेहमीच्या संगणकांत तो बहुधा ६४ बाइटचा असतो. दोन धाग्यांच्या दोन वेगळ्या संख्या एकाच तुकड्यात पडल्या की असेच होते, आणि चार कोअरचा प्रोग्राम एका कोअरपेक्षाही मंद चालू शकतो. प्रोग्राम वाचून हा दोष दिसतच नाही.

हे सर्व पुस्तकी वाटू नये म्हणून दोन खऱ्या घटना सांगतो. अमेरिकेचे पाथफाइंडर यान ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरले आणि काही दिवसांतच त्याचा संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागला. त्यात कोअर अनेक नव्हते, पण कामे अनेक होती. हवामानाची नोंद करणाऱ्या कमी महत्त्वाच्या कामाने एक कुलूप धरले होते, अत्यंत महत्त्वाचे काम त्या कुलुपाची वाट पाहत होते, आणि मधल्या महत्त्वाची कामे कुलूप धरणाऱ्याला पुढे सरकूच देत नव्हती. पृथ्वीवर ठेवलेल्या जुळ्या यंत्रावर अभियंत्यांनी प्रत्येक कामाची नोंद करणारे साधन चालू ठेवून तो दोष पुन्हा घडवून आणला. मग ज्याच्याकडे कुलूप आहे त्याला तेवढ्यापुरते वरचे महत्त्व द्यावे, ही ऑपरेटिंग सिस्टीममध्ये आधीच असलेली सोय पृथ्वीवरून चालू करण्यात आली, आणि यान सुधारले. दुसरी घटना दुःखद आहे. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिका आणि कॅनडाच्या मोठ्या भागाची वीज गेली, सुमारे ५ कोटी लोक अंधारात राहिले. कारणे अनेक होती. त्यांतले एक असे, की ओहायोतील नियंत्रण कक्षाची धोक्याची सूचना देणारी प्रणाली एका 'रेस'मुळे मुकाट्याने थांबली होती आणि पडद्यापुढे बसलेल्यांना वाटत होते की सर्व ठीक आहे. तो दोष शोधून काढायला कित्येक आठवडे लागले.

अशा दोषांचा स्वभावच असा की ते शोधायला गेले की लपतात. काय घडते ते पाहण्यासाठी मध्ये एक ओळ छापायला सांगावी तर वेळ थोडी बदलते आणि दोष नाहीसा होतो. म्हणून नुसत्या डोळ्यांनी हे काम होत नाही, साधने लागतात.

साधने दोन प्रकारची आहेत, काम वाटायला मदत करणारी आणि चूक पकडणारी. वाटणाऱ्यांमध्ये ओपन एमपी फार सोयीचे आहे. १९९७ मध्ये ते प्रथम फोर्ट्रान भाषेसाठी आले, पुढच्याच वर्षी सी आणि सी प्लस प्लससाठी. फुकट मिळणाऱ्या जीसीसी कंपायलरमध्ये ते २००७ पासून आहे. लूपच्या वर एक ओळ लिहिली की लूपच्या फेऱ्या कोअरमध्ये वाटल्या जातात. पण ती ओळ म्हणजे तुम्ही कंपायलरला दिलेले वचन आहे, की या फेऱ्या एकमेकींवर अवलंबून नाहीत. वचन खोटे असेल तर कंपायलर सहसा विचारीत नाही, निमूट चुकीचे उत्तर देतो. इंटेलचे थ्रेडिंग बिल्डिंग ब्लॉक्स २००६ मध्ये आले, अॅपलचे ग्रँड सेंट्रल डिस्पॅच २००९ मध्ये. त्यांत प्रोग्रामरने धागे मोजायचे नाहीत, कामाच्या चिठ्ठ्या करून पेटीत टाकायच्या, जो कोअर रिकामा होईल तो पुढची चिठ्ठी उचलील. सराफ्यात रात्री गर्दीच्या वेळी जसा कारागीर हाती लागेल ती मागणी घेतो, तसे. आम्हाला ही पद्धत सर्वांत शहाणपणाची वाटते, कारण उद्या कोअर आठाचे सोळा झाले तरी प्रोग्राम बदलावा लागत नाही.

चूक पकडणाऱ्यांमध्ये व्हॅलग्रिंडमधले हेलग्रिंड आणि गूगलचे थ्रेड सॅनिटायझर ही नावे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावीत. प्रोग्राम चालत असताना ती लक्ष ठेवतात, की एकाच जागेला दोन धाग्यांनी कुलपाशिवाय हात लावला का. रक्कम त्या वेळी गळली नसली तरी गळू शकली असती, हे ती सांगतात. ती लावली की प्रोग्राम बराच मंद चालतो, ती किंमत द्यावी लागते. गो भाषेत असा शोधक २०१३ पासून भाषेबरोबरच मिळतो. २०१५ मध्ये पहिली पक्की आवृत्ती निघालेल्या रस्ट भाषेने आणखी पुढचा मार्ग धरला. तिच्या नेहमीच्या नियमांत राहून लिहिलेल्या प्रोग्रामात अशी चूक असेल तर कंपायलर तो प्रोग्राम तयारच करीत नाही. मात्र डेडलॉकपासून तीही वाचवू शकत नाही.

इथे एका मराठी माणसाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. डॉ. विजय भटकर अकोला जिल्ह्यातले, पदव्युत्तर शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली, तिची धुरा त्यांच्याकडे होती. अमेरिका आपल्याला हवे ते महासंगणक देण्यास तयार नव्हती. एक अतिजलद प्रोसेसर बनविणे आपल्याला तेव्हा शक्य नव्हते, म्हणून बाजारात मिळणारे अनेक साधे प्रोसेसर जोडून काम वाटण्याचा मार्ग त्यांनी घेतला, आणि १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. परम हे नाव आपल्याला संस्कृत वाटते, आणि त्यात समांतर यंत्र या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरेही आहेत. प्रोसेसर विकत मिळत होते. ते एकत्र राबविणारी प्रणाली आणि प्रोग्राम लिहिण्याची साधने मात्र इथेच बसून तयार करावी लागली, त्यांना परास असे नाव दिले होते. आज प्रत्येक मुलाच्या खिशातल्या फोनमध्ये जो प्रश्न आहे तो पुण्यात ३० वर्षांहून अधिक काळापूर्वी सोडवायला घेतला होता.

खरेदीविषयी आमचे मत असे. शाळेच्या कक्षात ब्राउझर, टंकलेखन, पायथॉन आणि चित्रकलेचे प्रोग्राम चालतात. त्यांना चार चांगले कोअर पुरतात. आठ कोअरसाठी जी जास्तीची रक्कम मागितली आहे तीतून प्रत्येक यंत्राला दुप्पट मेमरी आणि जुन्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी घ्यावी, त्याचा फरक पहिल्याच दिवशी दिसेल. निकालाच्या प्रोग्रामाबद्दल पुरवठादाराला लेखी विचारावे, की तो एकाहून अधिक धागे वापरतो का. उत्तर 'नाही' आले तर त्या कामासाठी कोअर वाढविण्यात अर्थ नाही. एका यंत्रात मात्र आठ कोअर असावेत, मुलांच्या प्रयोगासाठी.

प्रयोग कोणता, तेही सांगतो. सी.बी.एस.ई.च्या अकरावी-बारावीला संगणकशास्त्रात पायथॉन आहे. पायथॉनमध्ये एक जुने मोठे कुलूप आहे, त्यामुळे नेहमीच्या आवृत्तीत अनेक धागे केले तरी गणिताचे काम एका वेळी एकच धागा करतो. हे कुलूप नसलेली वेगळी आवृत्ती २०२४ मध्ये ३.१३ बरोबर प्रयोग म्हणून आली आणि २०२५ च्या ३.१४ पासून तिला अधिकृत आधार मिळाला आहे, पण ती मुद्दाम निवडावी लागते. आपण तूर्त मल्टीप्रोसेसिंग हे मोड्यूल वापरू. त्यात धाग्यांऐवजी स्वतंत्र प्रोसेस सुरू होतात, प्रत्येकीचा फळा वेगळा.

मुलांनो, १ पासून १० लाखांपर्यंत मूळ संख्या किती, ते प्रत्येक संख्येला तिच्या वर्गमुळापर्यंत भागून मोजणारा प्रोग्राम लिहा. आधी एकाच प्रोसेसमध्ये चालवून वेळ टिपा. मग अडीच-अडीच लाखांचे चार भाग करून चार प्रोसेसना द्या. विंडोजवर प्रोग्रामच्या शेवटी 'मेन'ची अट लिहायला विसरू नका, नाहीतर प्रत्येक नवी प्रोसेस तोच प्रोग्राम पुन्हा सुरू करायला जाते आणि पडदा त्रुटींच्या संदेशांनी भरतो. टास्क मॅनेजर उघडा ठेवा. तुम्हाला दिसेल की पहिल्या भागाची प्रोसेस आधी मोकळी होऊन बसली आणि शेवटच्या भागाची अजून राबते आहे. भाग सारखे, काम सारखे नाही, कारण मोठी संख्या तपासायला भागाकार जास्त लागतात. मग चार मोठ्या भागांऐवजी दहा-दहा हजारांच्या शंभर चिठ्ठ्या करून पाहा आणि तिन्ही वेळा वहीत शेजारी शेजारी लिहा. एका कोअरवर चालवा वा चारांवर, मूळ संख्या ७८,४९८ याच आल्या पाहिजेत. वह्या पुढच्या शनिवारी संगणक कक्षात आणाव्यात.